दुसरा रिग आणला, आता खोकं कुठलं घ्यायचं?

साताऱ्याच्या एका ओएमनी, म्हणजे हॅम रेडिओवाल्या मित्राने, विचारलंय, थोडक्यात असं: "माझ्याकडे एक आयसी-७३०० रिग (पाठवणारा-ऐकणारा रेडिओ संच) होता, आता तसाच दुसरा, वापरलेला, मिळाला. गच्चीवर एका मास्टवर हेक्सबीम (एका दिशेला रोखलेला अँटेना) आहे आणि त्याच मास्टवरून ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीसारखा तारेचा अँटेना) खाली येतो. १०० वॉट, अँप्लिफायर नाही. नोव्हेंबरातल्या सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यूला (मोर्सच्या जागतिक स्पर्धेला) या वेळी दोन रेडिओ लावून बसायचंय. एसओ२आरचं (एक ऑपरेटर, दोन रेडिओ) खोकं कुठलं घेऊ? आणि त्याशिवाय काय लागेल?"

खोकं सगळ्यात शेवटी घ्या. पहिल्या वर्षी तर घेऊच नका. तुमचा थोडा विरस होईल, कारण या सगळ्यात खोकं ही एकच वस्तू अशी की पैसे टाकले की घरी येते. बाकीचं गच्चीवर चढून, सोल्डर करून आणि रात्री जागून करावं लागतं. पण दोन रेडिओंच्या स्टेशनात खरी भानगड एकच आहे: एक रिग ओरडत असताना दुसऱ्याला ऐकू आलं पाहिजे. ते जमलं तर साध्या वायरीवर काम भागतं. ते नाही जमलं, तर भारीतलं खोकं लावून तुम्ही फक्त एका बहिऱ्या रेडिओवरून दुसऱ्या बहिऱ्या रेडिओवर उड्या मारत बसाल.

मुळात दुसरा रेडिओ कशासाठी, ते आधी आकड्यात बघू. ३० शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवताना एक डिट, म्हणजे मोर्सचा ठिपका, ४० मिलिसेकंदांचा असतो. भारताचं व्हीयू२ आणि पुढे तीन अक्षरं अशी आपली कॉलसाइन (हवेतलं नाव) लांबलचक, त्यात तो '२' भरपूर वेळ खातो. सीक्यू (म्हणजे सगळ्यांना हाक), दोनदा कॉलसाइन आणि शेवटी टेस्ट, एवढं पाठवायला साधारण साडेआठ सेकंद जातात. मग दोन-अडीच सेकंद कान द्यायचा आणि पुन्हा तेच. म्हणजे दर अकरा सेकंदांतले साडेआठ सेकंद तुमचे कान रिकामे, आणि हे ४८ तास. दुसरा रेडिओ म्हणजे या रिकाम्या सेकंदांवर घेतलेलं दुबार पीक. एकाच वेळी दोन सिग्नल हवेत सोडायची परवानगी सिंगल ऑपरेटरला नाहीच. एका क्षणी एकच सिग्नल, हा नियम पक्का. एकाच बँडवर दोन फ्रिक्वेन्सींवर आलटून पालटून सीक्यू देणंही मना आहे. दोन वेगळ्या बँडवर चालतं.

आपल्याकडून याचा फायदा कुठे होतो, तेही बघा. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये दुसऱ्या खंडाचे ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा १, आणि व्हीयूला व्हीयू मिळाला तर शून्य, फक्त मल्टिप्लायर (बँडवरचा प्रत्येक नवा देश किंवा झोन; एकूण गुणांना यांच्या संख्येने गुणायचं). सकाळी जपानी स्टेशनांची रांग लागते तेव्हा छान वाटतं, पण प्रत्येकाचा एकच गुण. अशा वेळी समजा तुमच्या लॉगमध्ये २५०० गुण आणि २०० मल्टिप्लायर आहेत. आणखी एका जपान्याने स्कोअर २०० ने वाढेल, युरोपातल्या एकाने ६०० ने, आणि एका नव्या मल्टिप्लायरने तब्बल २५०० ने. म्हणजे डाव्या कानात जपानची रांग चालू असताना उजव्या कानाने एक मॉरिशस पकडला, तर नुसत्या मल्टिप्लायरपोटीच तो बारा जपान्यांच्या तोडीचा. म्हणून सुरुवातीला दुसऱ्या रेडिओकडून एवढंच मागा: मल्टिप्लायर शोधून दे. दोन्हीकडे सीक्यू देऊन दोन्हीकडे रन करणारे (एका जागी बसून येणारी उत्तरं घेणारे) लोक आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग ऐकून थक्क व्हायला होतं, पण तो पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नाही.

आता मुद्द्याचं. तुमचे दोन्ही अँटेना एकाच मास्टवर आहेत. नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) असेलच, नसेल तर पहिली खरेदी ती. हेक्सबीमची कोॲक्स एका पोर्टला, इन्व्हर्टेड व्हीची दुसऱ्या पोर्टला लावा आणि ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर (म्हणजे ४०, २०, १५ आणि १० मीटर बँडवर) एस२१, म्हणजे एकातून सोडलेलं दुसऱ्यात किती पोचतं तो आकडा, किती येतो ते वहीत लिहा. ऊन खात गच्चीवर बसायची गरज नाही, शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) आलेल्या टोकांवरच मोजा, कारण रिगला तेच दिसणार आहे. समजा १४ वर उणे २० डेसिबल आलं. १०० वॉट म्हणजे अधिक ५० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). त्यातून २० गेले, उरले ३०. अधिक ३० डीबीएम म्हणजे एक वॉट. तुमचा पहिला रिग की दाबेल तेव्हा दुसऱ्या रिगच्या रिसीव्हरच्या तोंडात एक वॉट ओतला जाणार. जो रिसीव्हर मायक्रोव्होल्टच्या अंशावर कान लावून बसलाय, त्याला एक वॉट! पुढेमागे अँप्लिफायर घेतलात (परवान्याच्या जनरल ग्रेडला ४०० वॉट चालतात) की तोच आकडा चार वॉट.

७३०० मध्ये हे ओळखणं सोपं आहे. एकावर की दाबली की दुसऱ्याच्या पडद्यावर ओव्हीएफ (ओव्हरफ्लो) ही अक्षरं उजळतात, वॉटरफॉल (सिग्नलांचं सरकतं चित्र) एकदम पांढरा पडतो आणि हेडफोनमध्ये स्टेशनं विझल्यासारखी होतात. की सोडली की परत. ओव्हीएफ दिसलं म्हणजे लगेच काही जळलं असं नाही, पण तुम्ही दारात उभे आहात.

दाराच्या आत काय असतं ते मी पाहिलंय. माझ्या पहिल्या एसओ२आर जोडणीत दोन घरगुती रिले-खोकी होती, प्रत्येक रिगला एक, प्रत्येक खोक्यातून सगळे अँटेना निवडता येत. दोन्ही रिगनी एकच अँटेना निवडला तर काय, हा प्रश्न मला टेबलावर सोल्डर करताना पडलाच नव्हता. तो पहाटे साडेतीनला पडला. ४० वर रन चालू होता, ८० वर जायचं म्हणून दुसऱ्या खोक्याचं बटण फिरवलं, झोपेत एक घर चुकलं आणि दोन्ही रिग ४० च्या व्हीवर. पुढच्या सीक्यूला १०० वॉटमधला मोठा वाटा सरळ शेजाऱ्याच्या रिसीव्हरमध्ये. आवाज काही झाला नाही. नुसता तापलेल्या वार्निशचा वास, आणि उजवा कान एकदम शांत. मला आधी वाटलं बँड बंद झाला. उरलेली स्पर्धा एका रिगवर केली, आणि दुरुस्तीत जो पैसा गेला त्यात त्या वेळी फिल्टरांचा संच आला असता. तेव्हापासून माझ्याकडे एक अँटेना एकाच रिगला मिळू शकतो अशीच जोडणी असते: पहिल्या रिगने घेतला की त्याच्या रिलेचा दुसरा संपर्क दुसऱ्या रिगच्या रिलेचा १२ व्होल्ट तोडतो. सॉफ्टवेअरवर हे काम सोपवू नका. पहाटे साडेतीनला सॉफ्टवेअर जागं असतं, पण ते तुमचंच ऐकतं.

फिल्टर. प्रत्येक रिगच्या अँटेना सॉकेटला, अगदी लगेच, त्या बँडचा बँडपास (तेवढाच बँड जाऊ देणारा) फिल्टर हवा. दोन्ही रिगना हवा, एकाला नाही, कारण तो दोन कामं करतो: ऐकणाऱ्या रिगमध्ये शेजारच्या बँडची दांडगाई शिरू देत नाही, आणि पाठवणाऱ्या रिगचा पसरट गोंगाट, जो आपल्याला कधी जाणवत नाही पण शेजारच्या बँडवर गवतासारखा उगवतो, तो बाहेर जाऊ देत नाही. चांगला फिल्टर शेजारच्या बँडला ४० डेसिबल आणि त्याहून जास्त दाबतो. वरच्या हिशेबात ते धरा: अधिक ३० मधून ४५ गेले, उरले उणे १५ डीबीएम. अजूनही तगडा सिग्नल, पण रिगच्या स्वतःच्या फिल्टरांना झेपेल असा. विकत घेतलेत तर उत्तम, फक्त परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आधी धरा. स्वतः करायचे तर लोखंडाच्या भुकटीचे लाल-पिवळे टोरॉइड आणि चांगले कपॅसिटर लागतात. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत चक्कर मारली की बरंचसं मिळतं. एकच सांगणं: कपॅसिटरवर काटकसर नको. साधा डिस्क सिरॅमिक १०० वॉटला गरम होतो, सरकतो आणि स्पर्धेच्या दुसऱ्या रात्री एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती परत येतंय ते माप) का चढला म्हणून तुम्ही गच्चीवर बॅटरी घेऊन अँटेना शोधत फिरता. सिल्व्हर मायका किंवा सी०जी वापरा. सगळे बँड एकदम करू नका, आधी १५ आणि १० चे करा. का, ते पुढे येतंय.

फिल्टर जिथे हात टेकतो ती गोष्ट म्हणजे हार्मोनिक, मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत उमटणारा नको असलेला सिग्नल. आपले स्पर्धेचे बँड एकमेकांच्या पटीत आहेत, हा जुन्या लोकांनी करून ठेवलेला घोळ. ७.०१२ वर सीक्यू दिला की दुसरा हार्मोनिक १४.०२४ वर, तिसरा २१.०३६ वर, चौथा २८.०४८ वर. बरोबर जिथे सगळे बसलेत तिथेच. १०० वॉटवर रिगनंतरचा बँडपास फिल्टर त्यातला बराचसा खाईल. पण अँप्लिफायर असेल तर हार्मोनिक फिल्टरच्या पुढे, अँप्लिफायरमध्येच जन्मतो, आणि अलीकडचा फिल्टर त्याला काय करणार. तिथे स्टब.

स्टब म्हणजे कोॲक्सचा एक तुकडा, टी-कनेक्टरने मुख्य केबलला लटकवलेला, दुसरं टोक शॉर्ट. ४० मीटरला पाव तरंगलांबीचा केला तर ७ वर तो नसल्यासारखा, पण १४ वर तोच अर्ध्या लांबीचा होतो आणि सरळ शॉर्ट दिसतो. २८ वरही तसंच. आरजी-२१३ च्या एका तुकड्यातून १४ वर २५ ते ३० डेसिबल पडतात. लांबी: ७.०३ ची पाव तरंगलांबी १०.६७ मीटर, गुणिले केबलचा वेगगुणक ०.६६, म्हणजे ७.०४ मीटर. पण बाजारातली केबल आरजी-२१३ म्हणून देतात ती सगळीच ०.६६ ची नसते, फोमची असली तर हिशेब कोसळतो. म्हणून ७.२० कापा, टोकाला वेणी आणि मधली तार एकत्र सोल्डर करा, नॅनोव्हीएनएच्या दोन पोर्टांमध्ये टी लावून त्याला लटकवा आणि १४ जवळची दरी बघा. ती १३.७५ च्या आसपास दिसेल. मग थोडं थोडं कापत, परत शॉर्ट करत या. एक सेंटीमीटर गेला की दरी सुमारे २० किलोहर्ट्झ वर सरकते. १४.०६ ला आणून सोडा. घाई केलीत तर सात मीटर केबल वाया जात नाही म्हणा, तिचा १५ चा स्टब होतो.

तुमच्या बाबतीत हा स्टब ४० च्या व्हीच्या केबलवर कायमचा लावून टाका. त्यात एक गंमत आहे. ४० चा व्ही तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे १५ मीटरवर, बऱ्यापैकी चालतो (रेझोनन्स थोडा वर सरकतो, ट्यूनर सांभाळून घेतो). आणि हाच स्टब २१ वर पाऊण तरंगलांबीचा, म्हणजे पुन्हा नसल्यासारखा. त्यामुळे स्टब न काढता व्हीवरून १५ करता येतो. याची किंमत तीच: ४० चा तिसरा हार्मोनिक १५ वर जाणं हा स्टब थांबवत नाही. ८० चा असाच स्टब साधारण १४ मीटरचा होतो आणि तो मात्र ७, १४, २१, २८ सगळीकडे शॉर्ट, एक तुकडा चार बँडांना पुरतो. आणि काहीच लावायचं नसेल तर अक्कल लावा: ४० वर रन करताना जरा वर, ७.०३५ च्या पुढे बसा. दुसरा हार्मोनिक १४.०७० च्या पुढे जाऊन पडतो, जिथे तुम्हाला सीडब्ल्यूत फारसं काही शोधायचं नसतं.

म्हणजे सुरुवात कुठल्या जोडीने करायची, हे आता तुम्हीच सांगू शकाल. २१ च्या दुप्पट ४२, २८ च्या दुप्पट ५६. एकमेकांच्या वाटेत कोणीच नाही. १५ आणि १० ही सोयीची जोडी. २० आणि १५ तशीच. २० आणि १० वाईट, ४० कुणाबरोबरही वाईट. आणि आपल्याकडे दिवसाचा उत्तम वेळ १५ आणि १० वरच जातो: सकाळी जपान आणि पूर्व आशिया, दुपारी बाराच्या पुढे युरोपात उजाडलं की अंधार पडेपर्यंत युरोप, मधून आफ्रिका. ती जोडी आधी पक्की करा.

अडचण एवढीच की तुमचा हेक्सबीम एका केबलचा, तो एका वेळी एकाच रिगला. ट्रायप्लेक्सर नावाची वस्तू मिळते, ती एका केबलचे २०, १५, १० असे तीन दरवाजे करते आणि मग दोन रिग एकच हेक्सबीम वापरतात. छान चीज आहे, पण तिच्या प्रत्येक दरवाजाला फिल्टर लागतोच, आणि फिल्टर कच्चा असला तर माझ्या पहाटेच्या गोष्टीची पुनरावृत्ती. पुढच्या वर्षी. यंदा दुसऱ्या रिगला १० मीटरचा उभा अँटेना द्या: २.५४ मीटरची ॲल्युमिनियमची नळी, खाली तेवढ्याच लांबीच्या चार तारा. हेक्सबीम आडवा, हा उभा, त्यामुळे दोघांमधलं संगनमत आपोआप कमी होतं. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जमेल तितका लांब लावा. १५ मीटर अंतर मिळालं तर चांगलं, खाली परसात नेता आला तर आणखी चांगलं. पुन्हा एस२१ मोजा. नळी दोन मीटर इकडे तिकडे केली तरी आकडा किती बदलतो ते बघून गंमत वाटेल.

एक जागा लोक विसरतात: कोॲक्सची बाहेरची बाजू. दोन्ही केबली मास्टवरून एकाच बंडलमध्ये, नायलॉन पट्टीने घट्ट बांधून आणल्या असतील, तर अँटेनामध्ये कमावलेले डेसिबल तुम्ही बंडलमध्ये घालवले. प्रत्येक अँटेनाच्या तोंडाशी आणि शॅकमध्ये शिरताना ३१ नंबरच्या फेराइट रिंगवर केबलचे वेढे घ्या. यूएसबीच्या वायरींनाही. सीक्यूच्या मध्येच संगणकाने रिग ओळखणं सोडून दिलं, तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी तिथे रिंग घाला.

वीज लवकर उरकतो. १०० वॉटचा रिग पाठवताना २० ते २२ ॲम्पिअर घेतो, ऐकताना एक-सव्वा. एका वेळी एकच पाठवणार, म्हणून दोन्ही रिगना मिळून ३० ॲम्पिअरचा एक सप्लाय पुरतो. तरी मी दोन ठेवतो, कारण एक गेला तर स्पर्धा जाऊ नये. मध्ये १०० ॲम्पिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी लावली तर वीज गेल्यावर तुम्हाला कळतही नाही. पण तिच्यावर पूर्ण स्पर्धा निघेल असं समजू नका. सरासरी आठ ॲम्पिअर धरले तर ४८ तासांना पावणेचारशेच्या पुढे लागतात. घरचा इन्व्हर्टर मात्र स्पर्धेत बंद. त्याची कुरकुर ४० आणि ८० वर हमखास ऐकू येते. आवाजाचा विषय निघाला म्हणून: एसएसबीचा (बोलून करायचा) वर्ल्डवाइड ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो आणि दिवाळी त्याच्या आगेमागे. २०१९ ला तर लक्ष्मीपूजन नेमकं स्पर्धेच्या रविवारी होतं. अख्ख्या आळीच्या एलईडी माळा, आणि घरात "तू आज तरी त्या खोलीतून बाहेर येणार आहेस का?" पहिल्यावर फेराइट आहे. दुसऱ्यावर नाही. नोव्हेंबरचा सीडब्ल्यू निवडलात ते बरं केलंत.

आता खोक्याकडे. खोकं करतं काय? दोन रिगचा आवाज कानांत वाटून देतं, आणि की, माइक योग्य रिगकडे वळवतं. तुम्ही सीडब्ल्यू करणार, माइक नाही. ७३०० ला यूएसबीवरून की करता येतं, प्रत्येक रिगचा स्वतःचा पोर्ट, म्हणजे वळवायचं काही उरलंच नाही. एन१एमएम लॉगर फुकट आहे, त्यात एसओ२आर निवडलं की दोन एंट्री विंडो उघडतात, एका रिगवर मेसेज सुरू केला की दुसऱ्यावरचा थांबतो. संगणकावर भार पडला की यूएसबीच्या कीइंगमध्ये डिट-डॅश थोडे अडखळतात. ते कानाला खटकलं तर विनकीयर (मोर्स स्वतः बनवणारी डबी) घ्या. पॅडल (हाताने मोर्स पाठवायची पट्टी) लावायचं असेल तरीही तोच घ्या, म्हणजे पॅडल एकाच जागी राहतं आणि सॉफ्टवेअर त्याला हव्या त्या रिगकडे पाठवतं. दोन रिगला दोन पॅडल लावलीत तर एक ना एक दिवस दोन सिग्नल एकदम हवेत जातील, आणि तो नियमभंग आहे.

राहिले कान. पहिल्या रिगचा हेडफोन सॉकेट डाव्या कानाला, दुसऱ्याचा उजव्या कानाला. सरळ वायर जोडलीत तर गुणगुण येईल, कारण दोन्ही रिगच्या जमिनी हेडफोनमध्ये भेटतात. मध्ये प्रत्येकी एक ६००:६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर टाका. तो कुठे मिळेल? माळ्यावर पडलेल्या जुन्या डायल-अप मोडेममध्ये. मी दोन मोडेम फोडले, एक प्लास्टिकचा डबा, एक तीन स्थितींचा स्विच: दोन्ही कानांत डावा, दोन्ही कानांत उजवा, किंवा वाटून. हा डबा मी चार हंगाम वापरला. आवाज आपोआप फिरवणारं खोकं नंतर घेतलं, आणि खरं सांगतो, अजूनही मी ते "वाटून"वरच ठेवतो. स्वतः पाठवत असताना त्या रिगचा साइडटोन (आपल्याच मोर्सचा आवाज) अगदी बारीक, ऐकू येईल न येईल इतका ठेवा, नाहीतर दुसऱ्या कानातलं कच्चं स्टेशन त्याखाली दबतं.

खुर्चीत बसल्यावर ते कसं असतं ते सांगतो. दुपारचे अडीच. डाव्या कानात १५, युरोपची रांग ओसरली आहे, सीक्यूला दोनात एकदा उत्तर येतंय. एफ१, म्हणजे सीक्यू पाठवणारी कळ, दाबला. आता माझ्याकडे साडेआठ सेकंद. उजव्या कानात १०, नॉब हळू फिरवतोय, एक ३बी८, मॉरिशस, चार-पाच जण त्याच्यामागे. कॉलसाइन दुसऱ्या विंडोत टाइप केली. अजून बोलावलेलं नाही. डावा सीक्यू संपला, कान तिकडे, कोणी नाही. आता लगेच पुढचा एफ१ देत नाही. उजवीकडे मॉरिशसने "टीयू" (आभार, पुढचा) म्हटलं, त्याच क्षणी उजवीकडून माझी कॉलसाइन एकदा. त्याने दुसऱ्यालाच उत्तर दिलं. ठीक. डावीकडे एफ१. त्याच्या क्यूएसओचा (दुसऱ्याशी संपर्काचा) वेळ माझ्या सीक्यूत गेला, पण सीक्यू लांब आहे, तो मोकळा होईल तेव्हा माझा सीक्यू चालूच असेल. म्हणून दुसऱ्या रेडिओवर कोणी टिपला की एफ१ मध्ये लांब सीक्यूऐवजी एकदाच कॉलसाइन असलेला, साडेपाच सेकंदांचा, सीक्यू ठेवायचा. पुन्हा "टीयू", पुन्हा माझी हाक, या वेळी तो "५एनएन ३९" (सिग्नलचा रिपोर्ट आणि त्याचा झोन) म्हणाला, आणि नेमका त्याच वेळी डावीकडे कोणी इटालियन हाक मारतोय. अशा वेळी हात थिजतात. माझा नियम: ज्याने मला रिपोर्ट दिला आहे त्याला आधी मोकळं करायचं. उजवीकडे ५एनएन २२ (आपला झोन), एंटर. मग डावीकडे इटालियनाची अर्धी ऐकलेली कॉलसाइन आणि प्रश्नचिन्ह. तो असतो. दीड सेकंद उशीर झाला म्हणून कोणी पळून जात नाही, तीन वेळा झाला तर जातो.

हे डोक्याला लगेच जमत नाही. पहिल्या दिवशी डाव्या कानातला रिपोर्ट उजव्या विंडोत टाइप कराल. म्हणून स्पर्धेआधी सराव: बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे १३०० यूटीसीला, सीडब्ल्यूटीचा एक तासाचा छोटा सामना असतो. गुरुवारी मध्यरात्री साडेबारा, सकाळी साडेआठ आणि दुपारी साडेबारालाही असतो. पहिले दोन बुधवार दुसरा रेडिओ नुसता ऐका, त्यावर पाठवू नका. डाव्या रनचा वेग पडू न देता उजवीकडच्या किती कॉलसाइन कागदावर उतरवता येतात, एवढंच. तिसऱ्या बुधवारपासून पाठवा. रन फारच घसरत असेल तर तासातली वीस मिनिटंच दुसरा रेडिओ वापरा. रांग जोरात असताना उजवा कान सरळ बंद करायचा, त्यात कमीपणा नाही. मी युरोपच्या पहिल्या तासात आजही करतो.

एन१एमएममध्ये एका रिगवरून दुसऱ्या रिगवर जायला पॉज की दाबायची असते. लॅपटॉपवर ती बहुतेक वेळा नसते. बाहेरचा मोठा कीबोर्ड लावा, त्याच्या पॉज कीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या. खोक्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशात १५ आणि १० चे दोन-दोन फिल्टर घ्या, आणि उभ्या नळीचा एस२१ किती आला ते कळवा.